उशिरा पेटलेलं कडं

थोरलीला प्रयोगशाळेत सगळे ताई म्हणत. दारावरच्या पाटीवर तिचं नाव पदव्यांसकट लिहिलेलं होतं, पण तिची धाकटी बहीण तिथेच कामाला लागली आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ओरडली, "ताई, पाना कुठे ठेवलास?" तेव्हापासून संचालकांपासून झाडणाऱ्या बाईंपर्यंत सगळ्यांची ती ताई झाली. थोरलीने आधी नाक मुरडलं, मग सवय झाली, मग आवडायलाही लागलं.

धाकटीला घरी भिंगरी म्हणत. एका जागी घटकाभर टेकेल तर शपथ. वडील लवकर गेले, आई दिवसभर शिवणयंत्रावर वाकलेली, त्यामुळे भिंगरीला वाढवलं ते थोरलीनेच. वेणी घालण्यापासून बीजगणितापर्यंत सगळं तिच्याच हाताखाली झालं. पुढे दोघींनी एकच विषय घेतला, पण स्वभाव दोन टोकांचे. थोरली सुचेपर्यंत हातात खडू धरून फळ्यापुढे तासन् तास उभी राहणार. भिंगरी आधी स्क्रू पिळणार, मग विचारणार, "हे का चाललं गं?"

दोघींनी मिळून जे यंत्र उभं केलं त्याला त्या कडं म्हणायच्या. इमारतीच्या तळघरात, माणसाच्या उंचीचं, काचेच्या नळ्यांचं एक वर्तुळ. नळ्या फुंकून देणाऱ्या कारागिराला सगळे काचकाका म्हणत. या नळ्यांमधून प्रकाश इतक्या जोराने गरगर फिरवायचा, की मधली जागा आणि मधला काळ दोन्ही ओल्या कपड्यासारखे पिळले जातील. त्या पिळलेल्या काळात प्रकाशाचा एखादा ठिपका सोडला तर तो वेढे घेत घेत मागे जातो, आणि सोडण्याच्या आधीच बाहेर पडतो. माणूस सोडाच, त्यातून मुंगीसुद्धा गेली नसती. पण ठिपक्यांची अक्षरं करता येतात, अक्षरांचा निरोप करता येतो. उद्याचा निरोप आज हातात पडू शकत होता.

अट एकच होती, आणि ती निसर्गाने घातलेली होती. कडं ज्या क्षणी पहिल्यांदा पेटेल, त्या क्षणाच्या मागे काहीही जाऊ शकत नाही. रस्ता जिथून बांधायला घेतला तिथूनच चालता येतं, त्याच्या अलीकडे नुसतं रान.

म्हणूनच भिंगरीला घाई होती. शेवटची नळी बसली, सगळी जुळणी तपासून झाली, आणि ती कडं पेटवायच्या कळीवर हात ठेवून उभी राहिली.

"लावू?"

"थांब," थोरली म्हणाली.

"अगं, आज लावलं तर आजपर्यंत येता येईल. उद्या लावलं तर आजचा दिवस हातचा गेला, कायमचा."

"गेला तर गेला. आज काय सोनं लागलंय? मला आधी एक गोष्ट पक्की करू दे."

ती गोष्ट म्हणजे दोघींच्या भांडणाचं जुनं मूळ. थोरलीने पुन्हा फळ्यावर वर्तुळ काढलं. "समज, उद्याची तू आजच्या तुला निरोप पाठवलास, की डबा आणू नकोस, जिन्यात सांडेल. तू डबा आणला नाहीस. मग तो सांडला नाही. मग उद्याच्या तुला सांडल्याचं कळणार कुठून, आणि तू निरोप पाठवशील कशाला?"

"मग असा निरोप येणारच नाही," भिंगरी म्हणाली. "जे स्वतःलाच खोडतं ते निसर्ग होऊ देत नाही. हे तूच मला शिकवलंस."

"शिकवलं, पण सिद्ध कुठे केलंय?"

"बरं, दुसरं ऐक. निरोप नुसताच आला, 'डबा आणू नकोस.' मी म्हटलं, बरं. नाही आणला. उद्या मी तोच निरोप पाठवून दिला. का? तर तो आला होता म्हणून. कुठे अडलं?"

थोरलीने खडू खाली ठेवला. "मग तो पहिल्यांदा लिहिला कोणी?"

"कोणीच नाही."

"कोणीच न लिहिलेला निरोप! असं कुठे असतं का भिंगरे? शहाणपण असं हवेतून पडतं?"

"पडत असेल, तर घ्यावं की पदर पसरून!" भिंगरी हसत सुटली. काचकाकाही हसले. थोरली हसली नाही. तिला हे मनापासून खटकत होतं. कोणीतरी विचार केल्याशिवाय विचार जन्माला येतो, कोणीतरी खपल्याशिवाय उत्तर मिळतं, हे तिच्या हिशेबात बसत नव्हतं. असं होऊ शकतं की नाही, हे कागदावर ठरल्याशिवाय कळ दाबायची नाही, असं तिने सांगून टाकलं. प्रमुख तीच होती. भिंगरीने तोंड फुगवलं, पाना टेबलावर आपटला, पण ताईचा शब्द मोडला नाही.

मग आठवडे गेले. थोरली गणितात बुडाली. भिंगरी रोज येऊन कड्यावरची धूळ पुसायची आणि दारातून विचारायची, "झालं का गं?" थोरली मान न वळवता म्हणायची, "होतंय."

त्यातल्याच एका सकाळी भिंगरी दाराशी जरा जास्त वेळ रेंगाळली. "ताई, डोकं फार दुखतंय. कालपासून."

"खणात गोळी आहे बघ," थोरली म्हणाली. समीकरणाची एक बाजू नुकतीच सुटत आली होती. "आणि चष्म्याचा नंबर तपासून घे एकदा."

भिंगरीने गोळी घेतली. पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज थोरलीने ऐकला. वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगरी तळघराच्या जिन्यात कोसळली. मेंदूतली रक्तवाहिनी फुगत फुगत फुटली होती. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी हातमोजे काढता काढता सांगितलं, की डोकं दुखायला लागलं तेव्हाच आणलं असतं तर शस्त्रक्रिया करून वाचवता आलं असतं. ते काही टोचून बोलले नव्हते. कामाची गोष्ट सांगावी तसं सांगत होते. पण थोरलीच्या काळजात ते वाक्य रुतलं ते रुतलंच.

आई आली, गावाकडचे चार लोक आले, सगळं उरकलं. परत जाताना आई थोरलीशी बोलली नाही आणि थोरलीही आईशी बोलली नाही. थोरली धरून चालली, की आई आपल्याला दोष देते आहे. जवळ असून लक्ष दिलं नाहीस, असंच तिच्या मनात असणार. आणि आईचं तरी काय चुकलं? फोन आला की थोरली दोन वाक्यांत संपवायची. मग फोनही कमी झाले.

संचालक भला माणूस होता. एकदा मुद्दाम तिच्या खोलीत येऊन बसला. "ताई, कडं तेव्हा लावलं असतं तर, असं तुमच्या मनात येत असेल. पण तुमचंच गणित काय सांगतं? घडलेलं बदलत नाही. निरोप पाठवून तिला वाचवायचं म्हटलं, तर ती वाचल्यावर निरोप पाठवायला कारणच उरत नाही. म्हणजे तो निरोप आलाच नसता. कडं लावलेलं असो वा नसो, हे असंच घडणार होतं."

थोरलीने ते वाक्य उशाशी घेतलं. तिने पहिल्या शक्यतेचं गणित पूर्ण केलं, आणि ते खरंच तसं निघालं. जे स्वतःला खोडतं ते घडू शकत नाही, हे तिने सिद्ध केलं. जगभरातून शाबासकी आली. तिला त्या शाबासकीचं काही नव्हतं. कळ न दाबल्याने काही बिघडलं नाही, एवढं तिला तिच्याच गणिताने सांगितलं होतं, आणि त्यावर ती कशीबशी तगून होती.

ते तगणं एका दुपारी संपलं. भिंगरीने काढलेली दुसरी शक्यता, कोणीच न लिहिलेल्या निरोपाची, अजून तपासायची राहिली होती. इतके दिवस थोरलीने तिकडे कानाडोळा केला होता. त्या दिवशी काचकाका कोपऱ्यात जुन्या नळ्या गुंडाळत होते आणि ती फळ्यापाशी उभी होती. 'तिला डॉक्टरकडे ने,' एवढाच निरोप. तो येतो. थोरली तो वाचते आणि भिंगरीला घेऊन जाते. भिंगरी वाचते. पुढे कधीतरी थोरली तोच निरोप पाठवते, तो आला होता म्हणून. थोरलीने एकेक पायरी तपासली. कुठेच काही खोडलं जात नव्हतं. उत्तर बिनतोड होतं.

म्हणजे निसर्गाची दोन्हीला ना नव्हती. भिंगरी गेली त्यालाही नव्हती, भिंगरी वाचली असती त्यालाही नव्हती. असा निरोप आलाच असता असं कोणी म्हणू शकत नव्हतं. पण येऊ शकला असता. फक्त त्याला यायला दार हवं होतं, आणि दार उघडायचं की नाही हे ठरवणारी ती एकटी होती.

खडू हातातून निसटला. काचकाका धावत आले. "काय झालं ताई? घेरी आली का?"

"काका," ती म्हणाली, "ती बरोबर होती हो."

काचकाकांना त्यातलं काय कळलं कोण जाणे. त्यांनी खुर्ची ओढून तिला बसवलं आणि पंखा मोठा केला.

त्याच आठवड्यात थोरलीने कडं पेटवलं. समारंभ नाही, पाहुणे नाहीत. काचकाका आणि ती. कळ दाबली, नळ्यांमधून निळसर उजेड धावायला लागला, बारीक गुणगुण सुरू झाली. बस्स, इतकंच काम होतं. एवढ्याशा कामाला तिने किती लांबवलं होतं! ती तोंडावर रुमाल धरून रडली.

बरेच दिवस काहीच आलं नाही. निरोप टिपणारं यंत्र मुकं होतं. मग एका सकाळी, थोरली नुकती पर्स टेबलावर ठेवते आहे तोच, पडद्यावर दोन शब्द उमटले.

'आईकडे जा.'

कोणी चेष्टा केली म्हणावं तर यंत्राला दुसरी वाटच नव्हती. जे आलं ते कड्यातूनच, म्हणजे पुढच्या कुठल्यातरी दिवसातून. आईला काही झालं असेल? होणार असेल? तिने फोन लावला, कोणी उचलला नाही. काचकाकांवर कडं सोपवून तिने मिळेल ती बस पकडली. वाटभर जीव टांगणीला. एकीच्या वेळी मी मान वर केली नाही, आता दुसरीही जायची, एवढंच डोक्यात घणघणत होतं.

घराचं दार उघडंच होतं. आई शिवणयंत्रापाशी बसली होती, गळ्यात मोजपट्टी, तोंडात टाचण्या, मांडीवर कुणाचा तरी उसवलेला कोट. यंत्राच्या खडखडाटात तिला फोन ऐकू गेला नव्हता.

"तू?" तिने टाचण्या काढल्या. "अशी अचानक? बरी आहेस ना?"

"तू बरी आहेस का?"

"मला काय धाड भरलीय?"

थोरली आत येऊन बसली. पाणी प्यायल्यावर तिने सगळं सांगितलं. आईने कोट बाजूला ठेवला.

"निरोप आला म्हणून आलीस. आणि तो पाठवला कोणी?"

"मीच. म्हणजे अजून नाही पाठवला. पाठवणार आहे."

"मग इतके दिवस आपल्या मनाने यायला काय झालं होतं गं तुला?"

आईने हे हसत विचारलं, पण हसू अर्ध्यावरच विरलं. थोरलीने मान खाली घातली. "तू माझं तोंड बघणार नाहीस असं वाटलं. तिने मला सांगितलं होतं आई, डोकं दुखतंय म्हणून. मी गोळी घे म्हटलं. वर बघितलंसुद्धा नाही."

आईने मोजपट्टी बोटाभोवती गुंडाळली. "मलाही सांगितलं होतं तिने," ती म्हणाली. "त्याच दिवशी संध्याकाळी फोन केला होता. म्हणाली, आई, सहन होत नाहीये, ताईला म्हणू का डॉक्टरकडे चल म्हणून? मी म्हटलं, ताई कामात आहे, तिला त्रास देऊ नकोस, जरा पडून राहा." तिने मोजपट्टी सोडून दिली. "मीच अडवलं तिला. आणि मला वाटायचं, तुला ते कळलंय. म्हणून तू येत नाहीस."

इतके महिने दोघी आपापल्या घरात तेच ओझं घेऊन बसल्या होत्या, आणि दुसरी आपल्याला दोष देतेय म्हणून एकमेकींना टाळत होत्या. थोरली उठली आणि लहानपणी बसायची तशी आईच्या पायांशी जाऊन बसली. आईने तिच्या केसांतून हात फिरवला. कोणी कोणाला माफ केलं नाही, तो विषयच निघाला नाही.

बऱ्याच वेळाने आईने विचारलं, "ते तुमचं कडं. त्यातून तिला काही कळवता नाही येणार?"

"नाही आई. ती गेल्यावर ते लागलं. त्याच्या मागे काही जात नाही."

"आणि ती होती तेव्हा लावलं असतं तर?"

या प्रश्नाला थोरलीकडे खोटं उत्तर तयार होतं. संचालकांनी दिलेलं, तिने इतके दिवस उशाशी घेतलेलं, ऐकणाऱ्याला धीर देणारं. ते द्यावं असं क्षणभर मनात आलंही.

"तर कदाचित," ती म्हणाली. "नक्की नाही. पण कदाचित. ती लाव म्हणत होती. मी थांबवलं."

आईने डोळे मिटले. तिचा हात थोरलीच्या डोक्यावरून निघाला नाही, पण फिरायचा थांबला. मग म्हणाली, "ऊठ. दोन घास खाऊन घे. बसमध्ये काही खाल्लं नसशील."

थोरली चार दिवस राहिली. उसवलेल्या कोटाला टाके घालायला बसली तर आईने हातातून काढून घेतला, "राहू दे बाई, गिऱ्हाईक पळून जाईल." भिंगरीचे कपडे दोघींनी मिळून आवरले. एक स्वेटर थोरलीने घेतला, बाकीचे आईने शेजारच्या मुलींना दिले.

परतल्यावर तिला तो निरोप पाठवायचा होता. यंत्रापुढे बसल्यावर तिच्या मनात आलं, नाही पाठवला तर? आपलंच गणित आपल्याच हाताने मोडून बघावं? पण हात अडला तो गणितामुळे नाही. त्या दोन शब्दांवाचून ती आईकडे गेली नसती, आणि ते दोन शब्द तिला परत घ्यायचे नव्हते. काही वाढवावं असंही वाटलं, की घाबरू नकोस, आई धडधाकट आहे. पण तसं काही आलं नव्हतं, म्हणून तसं काही जाणारही नव्हतं. तिने 'आईकडे जा' एवढंच लिहिलं आणि सोडून दिलं.

मग तिला जाणवलं, की हे शब्द सुचले कोणाला? तिने ते पडद्यावरून वाचले होते, म्हणून लिहिले. पडद्यावर आले होते, कारण तिने लिहिले. मुळात विचार कोणीच केला नव्हता. हवेतून पडलेलं शहाणपण तिच्या पदरात पडलं होतं, आणि ते निमूट उपयोगी पडलं होतं. कागदावर जे होऊ शकतं म्हणून दिसलं होतं, ते आता खरंच झालेलं तिने पाहिलं. 'कदाचित' या शब्दाला धार चढली. दोन अवघडलेल्या मायलेकींसाठी जे घडलं, ते एका जिवासाठी घडायला काय हरकत होती?

तिने दुसरा निरोप लिहिला. 'भिंगरीला आजच डॉक्टरकडे ने.' तारीख घातली, डोकं दुखतं म्हणून ती दाराशी रेंगाळली होती त्या दिवसाची. तो तिथवर जाणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. वेढे घेत मागे जाईल, कडं पेटलं त्या क्षणापाशी पोचेल आणि तिथेच विरेल. तरीही तिने सोडला.

काचकाका मागे उभे होते. त्यांनी पडदा वाचला. मग म्हणाले, "ताई, खालच्या अंगाची एक नळी जरा तापतेय. बदलायची तर कडं बंद करावं लागेल."

"बंद नाही करायचं," थोरली म्हणाली. "विझलं तर मागची वाट तुटते, पुन्हा पेटेल तिथूनच नव्याने सुरू होते. चालू ठेवूनच कसं बदलता येईल ते बघू."

तिने बाह्या सरसावल्या आणि त्यांच्याबरोबर कड्याखाली शिरली. नळी बदलायला संध्याकाळ झाली. दोनदा बोट भाजलं. अशी कामं भिंगरीची, थोरलीच्या हातांना ती सवय नव्हती. पण कडं क्षणभरही विझलं नाही. कुणाच्या तरी घरचं कुणीतरी आज डोकं दुखतंय म्हणून दाराशी रेंगाळत असेल, त्याच्यासाठी निदान दार उघडं असावं, एवढंच तिला आता करता येण्यासारखं होतं. त्याने भिंगरी परत येणार नव्हती, आणि थोरलीला त्याचा विसर कधी पडला नाही.